गंजाशीं झुंज : तरवारीपासून साखळीपर्यंत

कुरुंदवाड हें आमचें गांव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेलें. गांवावर पाण्याची कृपा एवढी, कीं येथें लोखंडाला सुखानें नांदतां येत नाहीं. हा झगडा जुनाच आहे. १९४८ पर्यंत येथें पटवर्धनांचें संस्थान होतें. त्या काळीं चातुर्मासांत पडून राहिलेलीं शस्त्रें खंडेनवमीस बाहेर निघत, घासलीं-पुसलीं जात, आणि मग त्यांची पूजा होई. पाऊस ओसरतो त्याच सुमारास हा सण येतो, यांत जुन्या लोकांचें व्यवहारज्ञान मला दिसतें. आज त्याच दिवशीं मोटारसायकलीस झेंडूची माळ पडते. टांकीवर हळदकुंकू वाहिलें जातें. खालच्या साखळीकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं!

गंज चढण्यास लोखंडाखेरीज दोघांची गरज असते : पाणी व हवेंतील प्राणवायु. त्यांपैकीं एकाला दूर ठेवलें कीं काम झालें. सर्व उपायांचें मूळ इतकेंच. तांब्यावरचा हिरवट थर खालच्या धातूस सांभाळतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पाणी पुन्हा आंत शिरतें. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें टिकला, तो याला अपवाद. कानपूरच्या आय. आय. टी.तील आर. बालसुब्रमण्यम यांनीं त्याचा अभ्यास करून दाखविलें, कीं त्या लोखंडांत फॉस्फरसचा अंश अधिक असल्यामुळें त्यावर घट्ट, संरक्षक थर बसला आहे. आपल्या गाडीच्या पोलादांत हा गुण नाहीं. म्हणून त्यास बाहेरून कवच द्यावें लागतें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्त चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. जस्त हें मोठें उदार. ओरखडा पडला तरी आधीं स्वतः झिजतें आणि लोखंडास वांचवितें. नटबोल्टांवर तेंच असतें. क्रोमचा मुलामा दिसतो झगझगीत, पण त्यांत सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून ओल शिरली कीं तांबडे ठिपके उठतात. त्यावर वेळोवेळीं मेणाचा हात फिरवावा.

आतां साखळीविषयीं. आमच्या भागांत यंत्राची गोडी लाविली ती सायकलीनें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. त्याच्या थोडेंच आधीं, १८८० सालीं, मँचेस्टर येथें हान्स रेनॉल्ड यानें आजच्या घडणीची रोलर-साखळी सिद्ध केली होती. पट्ट्या, पिना, पिनांवरच्या नळ्या व नळ्यांवर फिरणारे रूळ, एवढेच तिचे भाग. साखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, परंतु पट्ट्या सहसा लांबत नाहींत. प्रत्येक पीन व नळी किंचित् किंचित् झिजते, आणि शंभराच्यावर सांध्यांची ती झीज एकत्र होऊन साखळी लांब होते. म्हणून तेल पाहिजे तें सांध्याच्या आंत. बाहेर थापलेल्या ग्रीसचा उपयोग थोडा. उलट त्याला माती चिकटून कानसेचें काम करते. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणारा शेतकरी तें आंत जाईल असें पाही. त्याच्या नातवास हें पुन्हा शिकवावें लागतें, याचा खेद वाटतो.

साखळी झांकून ठेवण्याची युक्ति सर्वांत शहाणपणाची. जावा गाडीची साखळी पूर्ण बंद पेटींत असे. १९८५ सालीं निघालेल्या हिरो होंडा सी. डी. १०० गाडीलाहि पुरी पेटी होती. उसाच्या रानांतून जाणाऱ्यास याचें मोल कळतें. पुढें साखळीच्या पट्ट्यांमध्यें रबराचीं कडीं बसवून ग्रीस आंत कोंडण्याची रीत आली. अशी साखळी पेट्रोलनें किंवा तारेच्या ब्रशानें कदापि घासूं नये, रबर नासतें. घासलेटानें भिजविलेलें फडकें व मऊ ब्रश पुरे. मग ९० नंबरचें गिअर ऑइल, फेरी संपवून साखळी कोमट असतांना, आंतल्या बाजूनें सोडावें आणि जास्तीचें पुसून टाकावें. इंजिनांतून काढलेलें काळें तेल फुकट मिळतें खरें, पण त्यांत धातूचा कीस व आम्लें असतात.

२००५, २०१९ व २०२१ या सालीं आमच्या शिरोळ तालुक्यांत महापूर आला. दुधाचे कॅन वाहणाऱ्याची किंवा फेरीवाल्याची गाडी बुडाली म्हणजे त्याची भाकरीच बुडाली. पुराच्या ज्या गाळानें मळीचीं शेतें पिकतात, तोच गाळ साखळीच्या सांध्यांत बसून पोलाद खातो. अशी गाडी वर काढल्यावर किक मारण्याचा मोह आवरावा. इंजिनांत पाणी असेल तर आंतले भाग वांकतात. प्रथम स्वच्छ पाण्यानें गाळ धुवावा, प्लग काढून, तेल उपसून मिस्त्रीस दाखवावें. चाकांचे बेअरिंग, ब्रेक व तारा उघडून पाहाव्या. साखळी धुऊन वाळवून त्याच दिवशीं तेल द्यावें. सांधे आखडून राहिले असतील तर ती बदलावी, आणि बदलतांना पुढची-मागची चक्रीहि बदलावी. मिस्त्री लोक ज्याला 'चेनसेट' म्हणतात तो पूर्ण घ्यावा. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी घातली तर तीहि लवकरच जुनी होते.