भित्तिपत्रकाची शाळा

दलित पत्रकारितेचा इतिहास आपण सांगू लागलो की तो पत्रांच्या नावांचा आणि सनावळीचा इतिहास होतो. 'सोमवंशीय मित्र' १९०८, 'निराश्रित हिंद नागरिक' १९१०, 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ही यादी तोंडपाठ असते. या पत्रांमागची वेदना, चीड, विद्रोह यांविषयीही आपण पुष्कळ लिहिले. परंतु एक साधा प्रश्न आपल्या समीक्षकांनी क्वचितच विचारला : ही माणसे वर्तमानपत्र काढायला शिकली कोठे? बातमीची खातरजमा कशी करावी, मथळा किती शब्दांचा असावा, उलट्या खिळ्यांतून प्रुफे कशी वाचावीत, वर्गणीदाराला तिसरे स्मरणपत्र कोणत्या भाषेत लिहावे, हे सारे कोणीतरी कोणाला तरी शिकवावे लागते. ज्या समाजाला अक्षरओळखच नाकारली गेली होती, त्याला ते कोणी शिकवले?

शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करीत आणि इतरांची वृत्तपत्रे वाचून पत्र काढायला शिकले. नागपूरचे किसन फागोजी बनसोडे यांनी छापखानाच उभा केला. हा निर्णय त्यांच्या अग्रलेखांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण छापखाना दुसऱ्याचा असला की कोणता मजकूर आज जुळवायचा आणि कोणता 'पुढच्या अंकात पाहू' म्हणून ठेवून द्यायचा हे मालक ठरवतो. 'मूकनायक' निघाले तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांना आपले नाव घालता येत नव्हते. नाव पांडुरंग नंदराम भटकर या तरुणाचे लागले. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि पत्र मागे राहिलेल्यांच्या हाती आले. ते फार वर्षे चालले नाही. पुढे महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याला भरावे लागतात, हे बाबासाहेबांनी वाचकांना उघडपणे सांगितले होते. या सांगण्यात तक्रार आहेच. पण लिहिणारी, बातमी आणणारी, रकाने बांधणारी माणसे अजून तयार झालेली नाहीत, ही अडचणही तीत आहे. देवराव नाईक, गं. नी. सहस्रबुद्धे, भा. र. कद्रेकर, बी. सी. कांबळे ही मंडळी नंतर त्या कामातच तयार झाली. पत्र हीच त्यांची शाळा होती.

शाळा म्हणून पाटी लावलेली पत्रकारितेची शाळा आमच्या बाजूला आली ती १९५२ साली, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात. वऱ्हाडातली महाविद्यालये तेव्हा नागपूर विद्यापीठालाच जोडलेली होती. अमरावती विद्यापीठ १९८३ साली झाले. कागदावर ती शाळा आमचीही होती. प्रत्यक्षात रोजमजुरीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला नागपूरचा तो वर्ग लंडनइतकाच लांब. आमच्या मुलांची शाळा दुसरीकडे भरत होती : वसतिगृहांच्या व्हरांड्यात, हस्तलिखितांत, भित्तिपत्रकांत, महाविद्यालयांच्या वार्षिकांत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच्या नागसेनवनातूनच १९६७ साली डॉ. म. ना. वानखडे यांच्या पुढाकाराने 'अस्मिता' आणि १९६८ पासून गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' निघाले, ही गोष्ट योगायोगाची नाही. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्या नियतकालिकांतल्या कविता मोजल्या. ज्या विद्यार्थ्यांनी पत्ते लिहिले, तिकिटे चिकटवली, प्रुफे वाचली, त्यांची मोजदाद राहून गेली.

मी बार्शीटाकळीचा. आमच्या गावच्या कालंका देवीच्या देवळात बाराव्या शतकातला शिलालेख आहे; संशोधक तो वाचायला येतात. आमच्या वस्तीविषयी मात्र मी कॉलेजात जाईपर्यंत कोणी कोठे एक ओळ लिहिलेली माझ्या पाहण्यात नव्हती. अकोला वीसेक किलोमीटरवर. शिकायला तेथे जायचे. अकोल्याच्या वसतिगृहात आम्ही पाच-सहा जण दर पंधरवड्याला एक भित्तिपत्रक काढत असू. त्याला नाव नव्हते, नुसता 'कागद' म्हणायचो. पेन्सिलीने चार रकाने आखायचे, टाकाने लिहायचे, मथळे लाल शाईने, आणि कणकेच्या खळीने भिंतीला चिकटवायचे. एक प्रत अकोल्याला लागे, दुसरी बार्शीटाकळीच्या विहारात.

दोन प्रती हाताने काढायच्या म्हणजे तोच मजकूर दोनदा लिहायचा. संपादनाचा पहिला धडा त्यातून मिळाला. विशेषणांनी भरलेले वाक्य पहिल्या प्रतीत ऐटीत बसते. दुसऱ्या प्रतीच्या वेळी हात दुखू लागतो आणि विशेषणे आपोआप गळतात. दुसरा धडा विहारात मिळाला. तेथे वाचता येणारे थोडे, म्हणून कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागे. लांब वाक्य सुरू झाले की म्हाताऱ्या बाया मध्येच विचारत, "मंग थ्या इहिरीवर गेलं कोन, थे सांग ना बापा!" कर्ता वाक्याच्या आरंभी असावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांनी आम्हांला चांगले शिकवले. आमच्यातला सर्वांत नेटका मजकूर एका मुलीने लिहिला होता : नळाच्या रांगेत वस्तीच्या बायांचा नंबर केव्हा येतो याची तिने आठवडाभर वेळ टिपून केलेली नोंद. टीकेचा एकही शब्द त्यात नव्हता, आणि गावात त्याचीच सर्वाधिक चर्चा झाली.

आमचा संपादक आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. त्याने एक वही केली होती. मधोमध रेघ, डावीकडे 'पाह्यलं', उजवीकडे 'आयकलं'. कोणी बातमी आणली की त्याचे प्रश्न ठरलेले : "तुनं पाह्यलं का आयकलं? गाव कोनतं? वार कोनता?" उजवीकडची नोंद डावीकडे गेल्याशिवाय कागदावर चढत नसे. ही शिस्त त्याला कोठून आली? माझ्या समजुतीने ती १९७४ मधून आली. त्या वर्षी आमच्याच अकोला जिल्ह्यात धाकली येथे गवई बंधूंचे डोळे काढले गेले. दलित पँथरने ते प्रकरण उचलून थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसांत आमच्या भागात या घटनेच्या कितीतरी आवृत्त्या फिरत होत्या आणि प्रत्येक आवृत्तीत काहीतरी वाढलेले असे. वाढवायची गरज काय होती? घडले तेच पुरेसे भयानक होते. उलट प्रस्थापित पत्रांची अशा घटनांविषयीची रीत 'पूर्ववैमनस्यातून' या एका शब्दात सारे गुंडाळून टाकण्याची. गुंडाळणे आणि फुगवणे या दोहोंच्या मधली वाट शोधण्यासाठी ती वही होती.

वहीची खरी परीक्षा १९७८ साली झाली. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीवरून पूर्णेला जाणारी छोटी लाईन बार्शीटाकळीवरूनच जाते. (आता ती मोठी झाली आहे.) पूर्णेच्या पुढे नांदेड. म्हणजे वऱ्हाड आणि मराठवाडा हे नकाशावरचे दोन प्रदेश आमच्यासाठी एकाच गाडीचे दोन डबे होते. आमच्या सोयरिकी तिकडे होत्या. त्या पावसाळ्यात गाडी आली की आम्ही फलाटावर उभे राहायचो. कोणी पाहुणे उतरायचे, कोणी बोचकी घेऊन यायचे. ते जे सांगत ते आम्ही वहीत उतरवायचो.

एका संध्याकाळी वसतिगृहात मोठा वाद झाला. एका गावातल्या जळालेल्या घरांचा आकडा दोघांनी दोन सांगितला होता. आमच्यातले काही म्हणत, मोठा छापा, लोक पेटतील. संपादकाने लहान आकडा घेतला. तोही दोघांकडून पडताळून. तो म्हणाला, "एक आकडा खोटा निंघाला का बाकीचे नव्वद खरे बी बुडतेत." त्याला त्या दिवशी भित्रा म्हटले गेले. पुढे त्याच गावातला माणूस अकोल्याला आला, कागदापुढे उभा राहिला आणि घरांच्या धन्यांची नावे एकामागून एक सांगू लागला, तेव्हा कोणी काही बोलले नाही. जिवंत माणसांची नावे मात्र आम्ही कागदावर घातली नाहीत. त्यांना परत त्याच गावात राहायचे होते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचे नाव घातले. ते मारले गेले होते.

भिंतीवरचा कागद त्या महिन्यात दोनदा रात्रीतून फाडला गेला. दुसरी प्रत बार्शीटाकळीला होती, म्हणून पुन्हा उतरवता आला.

अमेरिकेतल्या निग्रो चळवळीशी आपले नाते डॉ. वानखडे आणि त्यांच्या पिढीने साहित्याच्या अंगाने जोडले. पत्रकारितेच्या अंगानेही ते पाहण्यासारखे आहे. ड्यू बॉइस यांनी शाळकरी वयात न्यूयॉर्कच्या 'ग्लोब'ला आपल्या गावच्या बातम्या पाठवल्या, फिस्क विद्यापीठात शिकताना 'फिस्क हेरल्ड' हे विद्यार्थ्यांचे पत्र संपादले, आणि १९१० साली 'क्रायसिस' हाती घेतले तेव्हा मधल्या काळात दोन लहान पत्रे काढून बंद पडलेली पाहिली होती. आयडा बी. वेल्स मेम्फिसला शिक्षिका होत्या. तेथल्या वाङ्मय मंडळाच्या 'इव्हनिंग स्टार' या पत्रात त्यांचा हात बसला. १८९२ साली मेम्फिसमध्ये तीन काळ्या दुकानदारांची जमावाने हत्या केली. वेल्सनी त्याविरुद्ध लिहिले आणि त्यांच्या 'फ्री स्पीच' पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. १८९५ साली त्यांनी झुंडबळींचा जो 'रेड रेकॉर्ड' छापला, त्यातले आकडे त्यांनी मुद्दाम 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्या पत्रातून घेतले. गोऱ्यांनीच मोजलेली प्रेते गोरे नाकारणार कसे? आमच्या संपादकाने वेल्सचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. पण ज्याच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवायला तयार नसते, त्याला साक्ष इतरांहून अधिक काटेकोर द्यावी लागते. हे अन्यायाचेच आहे, आणि तरीही त्यातूनच मेम्फिसला आणि अकोल्याला एकच कसब तयार झाले.

आपल्या चळवळीच्या पत्रांविषयी एक मत येथे नोंदवतो. ते रुचणार नाही. ऐंशीच्या दशकानंतर आपण अग्रलेख भरपूर लिहिले, बातम्या कमी आणल्या. प्रत्येक जिल्ह्याला संपादक मिळाला, तालुक्याला वार्ताहर मिळाला नाही. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातल्या फोनवर अत्याचाराचे चित्र गाडी फलाटाला लागण्याआधी पोहोचते; त्याला वार कोणता, गाव कोणते असे विचारणारा तीन वर्षांनी मोठा मुलगा मात्र वसतिगृहात उरलेला नाही. तो कोठे गेला, याचा शोध विद्यार्थी संघटनांनी घ्यावा.

जतनाची गोष्टही याच कसबात मोडते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज ग्रंथरूपाने हाताशी आहेत, कारण जुने अंक सांभाळणारे होते आणि वसंत मून यांच्यासारखा ध्यास घेतलेला संपादक होता. महाराष्ट्र शासनाने तो खंड १९९० साली काढला. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथला बुद्धभूषण छापखाना मात्र २०१६ च्या जून महिन्यात एका रात्रीत पाडला गेला. भित्तिपत्रकांचे तर काय सांगावे! खळीला झुरळे लागतात, पावसात शाई उतरते. आमच्या कागदाची एकही प्रत राहिली नाही.

वही राहिली. वाळवीने मागची पाने खाल्ली. एकोणीस पाने वाचता येतात. उजव्या रकान्यातल्या पुष्कळ नोंदींवर रेघ मारून, तारीख टाकून त्या डावीकडे नेलेल्या दिसतात. बाकीच्या अजून 'आयकलं' खालीच आहेत. त्या गावांची नावे स्पष्ट आहेत, गाडीही तीच आहे, आणि १९७८ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज साठीच्या आगेमागे आहेत.