शांतिसेनेतील चिलखती गाड्या
संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत टेहळणी, रसदीच्या ताफ्यांचे संरक्षण व रस्ते खुले ठेवणे या कामांसाठी चिलखती गाड्या वापरल्या जातात. रणगाड्यास पट्टे असतात, चिलखती गाडी चाकांवर धावते. तिचा पत्रा रायफलीच्या गोळीस दाद देत नाही. तोफेच्या वा रणगाडाविरोधी शस्त्राच्या माऱ्यापुढे मात्र तो टिकत नाही. ही मर्यादा प्रारंभीच्या शांतिमोहिमांत पुरेशी लक्षात घेतली गेली नव्हती आणि तिची किंमत १९६१ साली काँगोमध्ये आयरिश व भारतीय सैनिकांना द्यावी लागली.

आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता. बाहेरून युद्धसामग्री मिळणे दुरापास्त झाल्याने फोर्ड मालमोटारींच्या सांगाड्यांवर पोलादी पत्रे चढवून त्याने देशातच चिलखती गाड्या तयार केल्या. वर फिरता मनोरा आणि त्यात पाण्याने थंड राहणारी एक व्हिकर्स मशीनगन, एवढेच त्यांचे शस्त्रबळ. स्वदेशाच्या रक्षणासाठी घाईने बांधलेल्या या गाड्या सु. वीस वर्षांनंतर विषुववृत्तीय आफ्रिकेत उतरविण्यात आल्या. स्वीडनच्या तुकडीजवळील वाहनेही मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली व महायुद्धकाळातीलच होती. शांतिसैनिकाचे काम पोलिसासारखे असून त्यास केवळ स्वसंरक्षणापुरती शस्त्रे पुरेत, अशी तेव्हाची धारणा होती.

काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि ११ जुलैला खनिजसंपन्न कटांगा प्रांताने फुटून निघण्याची घोषणा केली. फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेने यादवी टाळण्यासाठी, अखेरचा उपाय म्हणून, बळाचा वापर करण्यास अनुमती दिली. पोलिसी कामाचे स्वरूप त्यामुळे बदलले. वाहने मात्र तीच राहिली. कटांगाच्या सैन्याजवळ ३७ मिमी. तोफ असलेल्या अमेरिकन बनावटीच्या ग्रेहाऊंड गाड्या होत्या. १४ सप्टेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल (आताचे लूबूंबाशी) येथे एक आयरिश चिलखती गाडी माऱ्यात सापडली आणि तीतील दोन सैनिक प्राणास मुकले.

त्याच सुमारास झाडोव्हिल (आताचे लिकासी) येथे सु. १५५ आयरिश सैनिकांची एक कंपनी वेढली गेली. तिचे नेतृत्व कमांडंट पॅट क्विनलन यांच्याकडे होते. दोन फोर्ड गाड्या व पायदळाची हलकी शस्त्रे यांच्या बळावर कित्येक पट मोठ्या शत्रूस तिने १३ ते १७ सप्टेंबरपर्यंत थोपवून धरले. सुटकेसाठी एलिझाबेथव्हिलहून निघालेल्या आयरिश व गोरखा सैनिकांच्या ताफ्यांना लुफिरा नदीचा पूल ओलांडता आला नाही. कटांगाचे एकुलते एक लढाऊ जेट विमान डोक्यावर घिरट्या घालीत होते आणि त्यास उत्तर देण्यास संयुक्त राष्ट्रांकडे एकही लढाऊ विमान नव्हते. पाणी व दारूगोळा संपल्यावर कंपनीने शरणागती पत्करली. तिच्यातील एकही सैनिक दगावला नव्हता. पुढे कित्येक वर्षे या सैनिकांकडे मायदेशी उपेक्षेने पाहिले गेले. हा निवाडा अन्यायाचा होता, असेच म्हणावे लागते. उणीव शौर्याची नव्हती. ती साधनांची आणि त्यांना तेथे पाठविणाऱ्यांच्या हिशेबाची होती.

भारताची ९९ वी पायदळ ब्रिगेड ब्रिगेडिअर के. ए. एस. राजा यांच्या आधिपत्याखाली याच प्रांतात होती. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमधील रस्त्यावरील नाकेबंदी मोडताना ३/१ गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरुबचन सिंग सलारिया यांस वीरमरण आले. त्यांच्याबरोबर सोळा जवान व दोन स्वीडिश चिलखती वाहने होती, समोर सु. ९० सैनिक व दोन चिलखती गाड्या होत्या. रॉकेट लाँचरचा मारा करून त्यांनी खुकरीचा हल्ला चढविला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

सातारा-सांगली भागाची सैनिकी परंपरा जुनी आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) या एका गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यास २३ जून १९६१ रोजी, म्हणजे झाडोव्हिलच्या वेढ्यापूर्वी तीनच महिने सुरू झाली. काँगो प्रकरणाशी या भागाचा थेट संबंध मात्र संरक्षण मंत्रालयामार्फत आला. तत्कालीन सातारा (आता सांगली) जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. चीनच्या आक्रमणाने देश हादरलेला असताना एक संपूर्ण ब्रिगेड आफ्रिकेत गुंतलेली होती. ब्रिगेडिअर नरोन्हा यांच्या नेतृत्वाखाली तिने पूल उद्ध्वस्त झालेला असतानाही तीच लुफिरा नदी ओलांडली आणि ३ जानेवारी १९६३ रोजी झाडोव्हिल हस्तगत केले. यावेळी संयुक्त राष्ट्रांजवळ स्वतःची लढाऊ विमाने होती. कटांगाचे हवाई बळ त्यांनी आधीच मोडून काढले होते.

काँगोतील मोहीम ३० जून १९६४ रोजी संपली. तीत भारताचे ३९ व आयर्लंडचे २६ सैनिक मृत्यू पावले. काही फोर्ड गाड्या काँगोतच मागे राहिल्या. सायप्रसला सैन्य धाडताना, १९६४ मध्ये, आयर्लंडने फ्रान्सकडून ६० मिमी. उखळी तोफ असलेल्या नव्या पानार गाड्या विकत घेतल्या. झाडोव्हिलच्या कंपनीस सामुदायिक सन्मानपत्र मिळण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले.