हैदराबादचा क्लोरोफॉर्म आणि आईचा घसा

मागच्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटाला चार बारीक छिद्रं, बस. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारावं? "माझा आवाज गेला का रे?" एकादशीला नर्सी नामदेवला भजनाला बसणारी बाई ती. पोटापेक्षा घसाच जास्त दुखत होता. असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आवाज परत आला, पण तोवर मी वाचत सुटलो होतो.

आणि गंमत बघा, भुलीच्या इतिहासात आपला मुलूखही निघाला! हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. त्याच राज्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली सर्जन एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या पैशांवर दोन क्लोरोफॉर्म कमिशनं नेमवली. प्रश्न असा, की क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबतं, हृदय की श्वास? शेकडो जनावरांवर प्रयोग करून उत्तर काढलं, श्वास. ते पुढे चुकीचं ठरलं. क्लोरोफॉर्म थोडा असला तरी हृदय एकाएकी बिघडू शकतं, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवलं. पण श्वासावर नजर ठेवा, हा लॉरींचा हट्ट मला आवडला.

तेव्हा क्लोरोफॉर्म नाका-तोंडाशी धरून हुंगवत, घशात नळी नसे. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवन यांनी १८७८ मध्ये तोंडातून श्वासनळीत नळी घालून भूल दिली होती. ती रुळली मात्र पहिल्या महायुद्धानंतर, मॅगिल आणि रोबोथम यांच्या हातून. चेहरा फाटलेल्या सैनिकांना मास्क लावणार कुठे? म्हणून रबरी नळी. आईचा घसा दुखला तो या नळीपायी, आणि तिचा श्वास सुरक्षित राहिला तोही तिच्यामुळेच.

नळीभोवती एक छोटा फुगा असतो. त्यातला दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की श्वासनळीच्या अस्तराचा रक्तपुरवठा आवळला जातो. म्हणून दाब बोटाने चाचपून न ठरवता मीटरने मोजायचा. नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो फुग्यात शिरून दाब वाढवतो, तेव्हा पुन्हा मोजायचा. बायकांना जरा बारीक नळी पुरते. काही ऑपरेशनांत आर्ची ब्रेन यांनी १९८० च्या दशकात आणलेला लॅरिंजियल मास्कही चालतो, त्याने त्रास बहुधा कमी होतो.

आणि ज्येष्ठमध! २००९ मध्ये लखनौच्या डॉक्टरांनी भुलीच्या पाच मिनिटं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या करवल्या, तर घसादुखी बरीच कमी झाली. रुग्ण मोजकेच होते, पण पुढे व्हिएन्नातही तसंच दिसलं. (ऑपरेशनआधी उपाशीपोटी असताना आपल्या मनाने गुळण्या करू नका बरं, भूलतज्ज्ञांना विचारा.)

आईला हे सांगितलं. तिने उशीखालचा बटवा काढला, त्यात ज्येष्ठमधाची काडी होतीच. "मग हे तुम्ही मला आधी का नाही विचारलं?"