बऱ्हाणपूर दरवाजापलीकडचा डांग

सुरतेचा इतिहास सांगणारी माणसे बहुतेक वेळा समुद्राकडे तोंड करून बोलतात. बंदर, वखारी, हजला निघालेली जहाजे, इंग्रज आणि डच. पण जुन्या सुरतेला एक बऱ्हाणपूर दरवाजाही होता. तिथून निघणारी वाट पूर्वेला, डोंगराकडे जायची. आमच्या घरात ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या त्या सगळ्या या दरवाजाच्या बाजूच्या. समुद्र आमच्या गोष्टींत फारसा आलाच नाही.

आम्ही मूळचे बागलाणातले. आजोबा उधन्याला आले ते मागावर काम करायला. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आजही अहिराणी कानावर पडते ती अशाच घरांतून. पण आजोबांच्या आधी त्यांचे वडील डांगात गाडीवान होते. सागाचे ओंडके बैलगाडीवर लादून वघईपर्यंत आणायचे, हे त्यांचे काम. वघईला गायकवाड सरकारची छोटी रेल्वे होती. 1913 साली सुरू झालेली ही बिलीमोरा-वघई गाडी साठेक किलोमीटर रान तुडवत माल समुद्राच्या बाजूला उतरवायची. आजोबा लहानपणी बापाबरोबर गाडीवर बसून जात. मुक्कामाच्या जागी बैल मध्ये बांधायचे, भोवती जाळ करायचा आणि म्हाताऱ्या गाडीवानाने गोष्ट सुरू करायची. त्या गोष्टी आजोबांनी आम्हाला उधन्याच्या चाळीत, मागांच्या खडखडाटात सांगितल्या.

त्यांतली सर्वांत लाडकी अर्थातच शिवाजी महाराजांची. आजोबा सांगत, महाराज उधन्यात उतरले, आपल्या गल्लीच्या पलीकडे घोडी बांधली होती. आम्हा पोरांना ते मनापासून खरे वाटे. मोठेपणी पुस्तके वाचली तेव्हा कळले की 5 जानेवारी 1664 रोजी महाराज गणदेवीला असल्याची बातमी सुरतेत पोचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा तंबू बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. 1670 च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले, आणि परतताना बागलाणातून गेले. दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती याच परतीच्या वाटेवर. पुढे 1671 च्या आरंभी बागलाणातला साल्हेरचा किल्ला स्वराज्यात आला.

आजोबांच्या गोष्टीत सुरतेच्या लुटीतले सोन्याचे हंडे डांगात पुरलेले असत. बागलाणातल्या प्रत्येक गावात अशी एखादी जागा दाखवतात. त्या हंड्यांवर माझा विश्वास नाही. जो राजा पैपैचा हिशेब ठेवत होता, तो हंडे पुरून विसरणार नाही. पण ज्या वाटेवर ते हंडे पुरले म्हणतात ती वाट खरी आहे. नदीचे खोरे धरून वर चढायचे, खिंडीतून बागलाणात उतरायचे. डांगाच्या पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या नद्या पश्चिमेला वाहतात. पूर्णा नवसारीवरून, अंबिका गणदेवीच्या बाजूने समुद्राला मिळते. नदीच्या उलट चालत गेले की आपोआप सह्याद्री येतो. महाराजांच्या कितीतरी आधीपासून व्यापारी हेच करत होते. मुल्हेरच्या बागुल राजांच्या टांकसाळीतली महमुदी नाणी सुरतेच्या बाजारात चालत. 1638 साली औरंगजेबाने बागलाण घेतले, त्यात या वाटेचा वाटा मोठा होता.

ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि खानदेशातला माणूस नवापूर, सोनगड करत थेट सुरतेत उतरू लागला. मग डोंगरातली वाट हळूहळू बोलण्यातून गेली. सोनगडचा किल्ला आगगाडीच्या खिडकीतून दाखवायचा, एवढेच राहिले. पिलाजीराव गायकवाडांनी भिल्लांकडून घेतलेला हा किल्ला; बडोद्याआधी गायकवाडांची गादी इथे होती.

मी डांगात पायी फिरू लागले ती आजोबा गेल्यानंतर. सुरुवात महालपासून केली. पूर्णा अभयारण्य 1990 साली जाहीर झाले, सुमारे 160 चौरस किलोमीटरचे. महाल हे त्याच्या पोटातले गाव. नदी गावाला वळसा घालते आणि दोन्ही काठांना बांबू इतका दाट की दुपारीही उजेड हिरवा पडतो. साग, ऐन, हळदू, खैर, तिवस, मोह. गुजरातेतला सर्वांत जास्त पाऊस या पट्ट्यात पडतो, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणून हे रान असे. नदीकाठची पायवाट सोपी आहे. पात्रात काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. हेच थर गिरमाळला एकदम तुटतात आणि गिरा नदी शंभरेक फूट खाली कोसळते. भेंसकातरीजवळ मायादेवीच्या ठिकाणी पूर्णेने हाच दगड कोरून देवीला गुहा करून दिली आहे. वघईजवळचा गिरा धबधबा लोकांना जास्त माहीत असतो, कारण तिथे मोटार जाते. मला विचाराल तर पावसाळा सरताना गिरमाळ पाहावा.

महालच्या वाटेवर बरोबर आलेले वाटाडे काका सत्तरीचे होते. जातीने कुकणा. त्यांनी एका झाडाखाली मला थांबवले. तिथे वाघदेव होता. सागाचा खांब, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. डांगात आता वाघ राहिला नाही, पण वाघदेवाला नैवेद्य अजून असतो. मी काकांना आजोबांची गाडीवानांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "ताई, तुमचे आजोबा ओंडके न्यायचे. ते ओंडके आमच्या राजाच्या रानातले."

त्या एका वाक्याने माझ्या घरची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून दिसू लागली. आमच्या गोष्टीत डांग म्हणजे रान, जनावरे, भुते आणि मधून जाणारी वाट. त्या रानात राजे होते हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. गाढवी, आमाळे, वासुर्णे, दहेर, पिंप्री अशी भिल्लांची पाच राज्ये. खिंडी त्यांच्या ताब्यात. खालच्या मुलखातून ते गिरास, म्हणजे आपल्या हक्काचा वाटा, वसूल करत, आणि गायकवाडांसारखे सरदारही तो देत. 1830 साली इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम फौज घेऊन डांगात शिरला. 1842 मध्ये इंग्रजांनी या राजांकडून सागाची राने पट्ट्याने घेतली. जहाजांना साग हवा होता. पुढे राने राखीव झाली, नांगर कुठे चालायचा आणि कुऱ्हाड कुठे थांबायची हे सरकार ठरवू लागले. डांगातली म्हातारी माणसे काळाचे दोन भाग करतात: सीमा आखल्या जाण्याआधीची मोकळी 'मोगलाई' आणि नंतरची 'मंडिनी'. अजय स्कारिया या इतिहासकाराने या म्हाताऱ्यांच्या गोष्टी बसून ऐकल्या आणि त्यांवर 1999 साली मोठे पुस्तक लिहिले. कागदपत्रांइतकेच वजन त्याने गोष्टींना दिले, हे मला फार मोलाचे वाटते. माझ्या पणज्याची बैलगाडी मंडिनीतली होती. आमच्या घराला मिळालेली भाकरी त्या आखलेल्या रानातून आली.

रात्री गावात थाळीकथा ऐकली. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. एकसुरी, घुमणारा आवाज निघतो आणि त्यावर कथा चालते. त्या रात्री रामाची कथा होती. डांगात सुबीरजवळ शबरीचे ठिकाण आहे, पंपा सरोवर आहे, डोणच्या बाजूला अंजनीचा डोंगर दाखवतात. सगळे रामायण इथल्या पायवाटांवर घडलेले. कथा सांगणाऱ्याची बोली मला जवळजवळ पूर्ण कळत होती, थोडी अहिराणी, थोडी गुजराती, आणि काही तिचे स्वतःचे. 1960 साली राज्ये वेगळी झाली आणि डांग गुजरातेत गेला. त्याआधी ही बोली कुणाची यावर पुष्कळ भांडण झाले. ती बोलणाऱ्यांना मात्र आपली बोली कुणाची असा प्रश्न कधी पडल्यासारखा वाटला नाही.

सापुताऱ्याबद्दल थोडक्यात. सुमारे हजार मीटर उंचीचे हे पठार सुरतकरांचे थंड हवेचे ठिकाण. तळे, नौका, हॉटेले. सर्पगंगेच्या काठी नागाची मूर्ती आहे, तिला आदिवासी होळीला पूजतात. मूळ गावातली घरे खाली नवागामला हलवली गेली. हे सांगणारा एकही फलक मला तिथे दिसला नाही, आणि याचे वाईट वाटते.

साल्हेरवर गेले ती शेवटी. 1567 मीटर, कळसूबाईनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे उंच शिखर, आणि राज्यातला सर्वांत उंच किल्ला. 1672 च्या आरंभी याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले; सूर्याजी काकडे तिथे पडले. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. त्याने इथूनच बाण सोडून समुद्र हटवला असे आमची आजी सांगायची. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले, त्यांत साल्हेर आहे. याचा मला फार आनंद झाला. आता इथे गर्दी वाढेल, वाटा रुंद होतील. पश्चिमेला तोंड करून उभे राहिले तर खाली डांगाचे रान पसरलेले दिसते, त्यापलीकडे धुरकट सपाटी, आणि त्या सपाटीच्या टोकाला सुरत. किल्ल्याला वारसा म्हटले तर त्याच्या पायाशी असलेल्या खिंडी राखणाऱ्या भिल्लांचाही त्यात हिस्सा आहे. किल्ल्यांवर जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी त्यांचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे.

दर वर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि डांगाच्या भिल्ल राजांच्या वारसांना सरकार मानाने सालाना देते. इंग्रजांच्या पट्ट्यापासून चालत आलेली ही रीत अजून चालू आहे. सुरतेतल्या मराठी घरांनी मुलांना घेऊन एकदा तरी तिथे जावे. जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवावे की आपली माणसे कोणत्या घाटाने खाली उतरली. आता विचारले नाही तर सांगणारे राहणार नाहीत. आजोबा म्हणत, "वाट इचारीसन चालानं." रानात शिरताना वनखात्याची परवानगी घ्या, गावातलाच वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवून पुरी द्या, आणि तो बोलू लागला की मोबाइल पिशवीत टाका.