निर्जलीकरण (उन्हाळी शेतकाम, नरखेड तालुका)

घामावाटे गेलेले पाणी व क्षार वेळेवर भरून न निघाल्याने होणारा विकार. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदी आणि मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्यात त्याचे दिवस म्हणजे एप्रिल, मे आणि पाऊस लांबला तर जूनही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

याच दिवसांत पावसाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहारासाठी संत्राबागेचे पाणी तोडून झाडांना ताण देतात. झाड पाने गाळून तो सोसते. बागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढणाऱ्या मजुराला ती सोय नाही. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. कोरड्या झळांत तो तिथल्या तिथे उडतो, सदरा ओला होत नाही आणि पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. तहान लागेपर्यंत बरेच पाणी गेलेले असते.

काम उजाडताच सुरू करून दुपारी बारा ते चार सावलीत थांबणे, डोके-कान दुपट्ट्याने झाकणे आणि दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे हा मुख्य बचाव. नुसतेच पाणी पोटात रिचवत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. म्हणून मीठ घातलेले ताक किंवा पन्हे हवे. संत्र्याच्या रसात पोटॅशियम असले तरी सोडियम नाममात्र, शिवाय तोवर मृगाचा तोडा आटोपलेला असतो. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. भाकरीबरोबर खाल्लेला बरा.

लघवी गडद व कमी होणे, जीभ कोरडी पडणे, पोटऱ्यांत गोळे, भोवळ ही लक्षणे. रुग्णाला सावलीत निजवून ओआरएस घोटघोट पाजावे. साखरेसोबत आतडे मीठ व पाणी वेगाने शोषते, डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले. पुडी नसल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालावे. मीठ जास्त पडल्यास अपाय होतो.

अंग तापून बरळणे किंवा शुद्ध हरपणे म्हणजे उष्माघात. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.