फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया
फोर्ड कंपनीची पूर्ण आकाराची अमेरिकी सेडान मोटार. १९९२ ते २०११ या मॉडेल-वर्षांत ती विकली गेली. जुळणी मात्र कॅनडात, ऑन्टॅरिओतील सेंट टॉमसच्या कारखान्यात होई. पोलादी चौकटीवर वेगळी बसवलेली बॉडी, ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना गती, ही रचना बहुतेकांनी सोडली तरी फोर्डने टिकवली. तिला कालबाह्य म्हणणे सोपे आहे. पण पोलीसखाती आणि न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले ती जुन्याच्या हौसेने घेत नव्हते. धडकेनंतर दुरुस्त करून ती पुन्हा रस्त्यावर आणणे स्वस्त पडे आणि बरेच सुटे भाग वर्षानुवर्षे तेच राहत. दिवसरात्र राबणाऱ्या गाडीचा हिशेब असाच मांडावा लागतो. इंधन फार पिते, हा आक्षेप खाजगी ग्राहकापुरता रास्तच होता. अधिक गंभीर आक्षेप मागच्या आसापाठीमागील इंधनटाकीचा. मागून जोरदार धडक बसून लागलेल्या आगींत पोलिसांचे बळी गेले. सरकारी चौकशीत रचना सदोष ठरली नाही, तरी फोर्डने पोलीसगाड्यांना संरक्षक आवरणे पुरवली. टिकाऊपणाच्या कौतुकात ही बाजू झाकता येत नाही. सप्टेंबर २०११मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला.