घरावरचं सोलर किट: ग्रिड नसलेल्या पाड्यावर वीज कशी पुरते?

माझ्या दोंडाईचाहून सारंगखेड्याचा तापी पूल ओलांडून शहाद्याकडे निघालं की समोर सातपुडा दिसतो. त्या डोंगरात धडगाव म्हणजेच अक्राणी तालुका. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरं तिथे पाड्यापाड्यांत विखुरलेली आहेत. पाच-सहा घरांसाठी खांब-तारा ओढणं महाग पडतं, आणि पावसाळ्यात तार तुटली की दुरुस्तीला वेळ लागतो. अशा ठिकाणी सोलर किट कामी येतं. ते कसं चालतं, समजून घेऊया.

किटमध्ये काय असतं?
२०१७ च्या सौभाग्य योजनेत ग्रिड न पोचणाऱ्या घरासाठी २०० ते ३०० वॉटचं पॅनल, बॅटरी, ५ एलईडी दिवे, १ डीसी पंखा, १ डीसी प्लग आणि ५ वर्षांची देखभाल ठरली होती.

हिशोब
२०० वॉटचं पॅनल, ५ तास चांगलं ऊन: १००० वॉट-तास, म्हणजे १ युनिट. धूळ, उष्णता, वायर, बॅटरी यांतली घट धरली तर हातात साधारण ७०० उरतात, असं मी धरतो.
- ९ वॉटचे ५ दिवे, ५ तास: २२५
- २५ वॉटचा पंखा, १० तास: २५०
- ५००० एमएएचचे २ फोन: सुमारे ४०
एकूण ५१५. म्हणजे पुरतं. मिक्सर, इस्त्री मात्र विसरा.

पावसाळ्यात?
दाट ढगात समजा पावच वीज मिळाली, तर १७५. मग पंखा बंद, २ दिवे ४ तास (७२) आणि फोन (४०). रस्ता बंद असताना रात्री कुणी आजारी पडलं, तर चार्ज असलेला फोन पंख्यापेक्षा जास्त मोलाचा.

खरी अडचण: बॅटरी
पॅनल २०-२५ वर्षं टिकतं, लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपला खानदेशी उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे! म्हणून बॅटरी सावलीत, हवेशीर ठेवा, डिस्टिल्ड वॉटर तपासा, निम्म्याखाली उतरू देऊ नका. देखभालीची ५ वर्षं संपतात, तोवर नवी बॅटरी घ्यायची वेळ आलेलीच असते. ती समजा १२,००० रुपयांची असेल, तर पहिल्या दिवसापासून महिना २०० रुपये बाजूला पडायला हवेत. बचत गटातून हे जमू शकतं. नाहीतर छतावर चांगलं पॅनल आणि घरात पुन्हा चिमणी.

पाण्याची जोड
ऊन कमी असतं तेव्हा ओढे भरलेले असतात. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळच्या इंजिनिअर्सच्या मदतीने १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. पूर्ण क्षमतेने चालला तर असा प्रकल्प दिवसाला ३६० युनिट देऊ शकतो. २००६ मध्ये तो सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाला.

तंत्रज्ञान तिथे चाललं होतं. म्हणून कुठलीही योजना आली की मी दोनच प्रश्न विचारतो: सहाव्या वर्षी बॅटरीचे पैसे कोण देणार? आणि दुरुस्ती पाड्यावरच्या कुणाला शिकवली आहे का?